काकांच्या बायबलात नसलेलं पान

आत्याच्या अंत्यविधीच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेत, पहिलं वाचन तिच्या नातीने केलं. वसईतला जुलै. बागायतीतल्या वाटा पाण्याखाली, चर्चच्या दाराशी छत्र्यांचा ढीग, आत ओल्या कपड्यांचा, मेणबत्त्यांचा आणि शेवंतीचा मिळून एक कोंदट वास. पुढच्या बाकांवर आत्याच्या सासरच्या म्हाताऱ्या बायका, त्यातल्या दोघीतिघी अजून लाल लुगड्यातल्या. नात जेमतेम कॉलेजात जाणारी. तिचा आवाज कापत होता, पण शब्द स्वच्छ येत होते. नीतिमानांचे आत्मे देवाच्या हातात आहेत, कुठलीही यातना त्यांना शिवणार नाही. मूर्खांना वाटलं ते मेले, लोकांना वाटलं त्यांचा नाश झाला, पण ते शांतीत आहेत. आत्या शेवटचे महिने फार सोसून गेली. 'यातना शिवणार नाही' हे कानावर पडलं आणि सकाळपासून पाहुण्यांची उठबस करताना कोरडे राहिलेले माझे डोळे भरून आले. तेवढ्यात शेजारी बसलेले मोठे काका माझ्याकडे कलले आणि हळू पण ठाम आवाजात म्हणाले, "हे आपल्या शास्त्रात नाही हं."

मला रडू आणि हसू एकदमच आलं.

काकांचं चूक नव्हतं, आणि तेच मला नंतर कितीतरी दिवस सलत राहिलं. ते वाचन शलमोनाच्या नावावर असलेल्या ज्ञानाच्या ग्रंथातलं होतं. कॅथलिकांच्या बायबलात ७३ ग्रंथ, आमच्या प्रॉटेस्टंटांच्या बायबलात ६६. जुन्या करारातले सात ग्रंथ त्यांच्याकडे आहेत आणि आमच्याकडे नाहीत, त्यातलाच हा एक. काका निवृत्त मुख्याध्यापक, रत्नागिरीकडच्या आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, वडील (कारभार पाहणारे ज्येष्ठ), संडे स्कूलच्या तीन पिढ्यांकडून वचनं पाठ करून घेतलेले. ऐंशी उलटलेला हा माणूस पहाटेच्या काळोखात उठून रत्नागिरी-दिवा पॅसेंजरने, मग दिव्याहून वसईची गाडी पकडून, ओल्या चपलांनी बहिणीला निरोप द्यायला आला होता. त्याचे हात मांडीवर थरथरत होते. आणि त्या अवस्थेतही त्याच्या कानाने नेमकं ओळखलं की हे वाक्य आपल्या पुस्तकातलं नाही. मला आधी त्याचा राग आला. मग वाटलं, एवढा तयार कान माझ्याकडे कुठल्याच गोष्टीसाठी नाही.

आमच्या घरी शास्त्र म्हणजे वस्तू होती, वजनदार. आजीचं काळ्या पुठ्ठ्याचं बायबल जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं असायचं. कोकणातला पावसाळा पुस्तकांना काही सोडत नाही, पानं चिकटतात, कडांना पिवळी बुरशी धरते, कसर आतून वाट काढते. म्हणून मे महिन्यात आजी आमसुलं वाळत घालायची त्याच खाटेच्या एका कोपऱ्यात बायबल उघडं ठेवायची. मधून मधून येऊन आमसुलं परतायची आणि पानंही परतायची. एका वर्षी आमसुलाचा रस लेवीयाच्या पानावर सांडला आणि यज्ञांच्या नियमांवर जांभळट लाल डाग कायमचा बसला. आजी सलग वाचायची, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, आणि संपलं की पुन्हा उत्पत्ती. वंशावळीसुद्धा गाळायची नाही. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला, अशी पानंच्या पानं ती बोट ठेवून वाचायची. मी कंटाळून म्हटलं की हे सोड ना आजी, तर म्हणायची, "देवाने लिहवून घेतलंय, मी कोण गाळणार?" एवढंच तिचं शास्त्राबद्दलचं मत. पुढे मी या विषयावर बरंच वाचलं, पण तिच्या त्या वाक्याशी मनातल्या मनात भांडण चालूच राहिलं.

आत्या मुंबईच्या इस्पितळात नर्स होती. तिथेच तिचं जुळलं आणि ती वसईच्या कॅथलिक घरात गेली. आजोबा लग्नाला गेले नाहीत, काका गेले. लहानपणी सुट्टीत आत्याकडे गेलं की मला पहिली गोष्ट जाणवायची ती म्हणजे तिथे वचनांच्या पाट्या नव्हत्या. आमच्या भिंतींवर वचनं, तिच्या भिंतींवर चित्रं. संध्याकाळी दिवा लागला की सगळे गुडघ्यांवर बसून रोझरी म्हणायचे. माळेचे मणी सरकताना होणारा बारीक आवाज, सासूबाईंची झोपाळलेली लय, मधेच गोठ्यातून हंबरणं. बायबल होतं, पण कपाटात. तिच्या सासूबाईंच्या तरुणपणी मिस्साच लॅटिनमध्ये असायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६५ च्या आगेमागे, मिस्सा मराठीत आली आणि घरोघरी बायबल वाचा असं चर्चनेच सांगायला सुरुवात केली. म्हणजे आमच्याकडे जे पुस्तक शंभर वर्षं उशाशी होतं ते त्यांच्याकडे उशिरा पोचलं. पण त्यांच्याकडे धर्म कमी होता असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. आत्याने माहेरचं बायबल स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांशेजारी ठेवलेलं असायचं. नंतर कधीतरी तिने सासरचंही घेतलं. मी विचारलं, दोन कशाला? ती हसून म्हणाली, "माहेरून सहासष्ट आणले, सासरच्यांनी अंगावर सात घातले."

परतताना दिव्यापर्यंत मी काकांबरोबर होते. खिडकीवर पाऊस सडासड आपटत होता आणि डब्यात भिजलेल्या गोणपाटाचा वास भरलेला. मी विषय काढला. ते सात ग्रंथ आपल्यात का नाहीत? काका खुलले. शिकवायला मिळालं की ते वीस वर्षांनी तरुण होतात. म्हणाले, ज्यांच्याकडून जुना करार आपल्याला मिळाला त्या यहुद्यांच्याच यादीत ते नाहीत. हे खरं आहे, आणि कोकणात राहून ते पडताळायला लांबही जावं लागत नाही. अलिबाग-रेवदंड्याच्या सिनेगॉगमध्ये बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचं, जे शास्त्र आहे त्यात मक्काबी नाहीत, तोबित नाही, हा ज्ञानाचा ग्रंथही नाही. हिब्रू मोजणीने ग्रंथ २४ होतात, पण मजकूर आमच्या ३९ चाच. गंमत अशी की गावोगाव तेल गाळणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या 'शनिवार तेल्यांना' त्यांची हिब्रू नीट शिकता यावी म्हणून मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं ते स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी. आणि हे विल्सनसाहेब मराठी शिकले ते आमच्या हर्णैला.

प्रॉटेस्टंट चळवळ ज्याच्यापासून सुरू झाली त्या लूथरने १५३४ च्या जर्मन बायबलात ते सात ग्रंथ फेकून दिले नाहीत. दोन करारांच्या मध्ये वेगळे ठेवले. शास्त्राच्या बरोबरीचे नव्हेत, तरी वाचायला चांगले आणि उपयोगी, असं वर लिहून. त्यानंतर १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत रोमने सांगितलं की ते शास्त्रच आहेत आणि नाकारेल तो बाहेर. भांडणाच्या मुळाशी एक कळीचा मुद्दा होता, आणि तो त्या दिवशी आत्याच्या पेटीभोवती आमच्यासमोरच उभा होता. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या सैनिकांच्या पापांसाठी अर्पण पाठवतो, मेलेल्यांसाठी प्रार्थना करवतो. वसईत त्या दिवशी आत्याच्या आत्म्यासाठी सगळे प्रार्थना करत होते. आमच्या मंडळीत तसं करत नाहीत. गेलेल्याचं जे व्हायचं ते देवापाशी झालं, प्रार्थना मागे राहिलेल्यांसाठी. काका त्या वेळी ओठ मिटून बसले होते. मी पाहिलं होतं.

काकांना एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती आणि ती सांगताना मला थोडा खट्याळ आनंद झाला. ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटी सुरुवातीला काही देशांसाठी या जादा ग्रंथांसकट बायबलं छापायला पैसे देत होती. त्यावरून स्कॉटलंडमधल्या कडव्या मंडळींनी रान उठवलं, आणि १८२६ मध्ये सोसायटीने ठरवलं की यापुढे या ग्रंथांच्या छपाईला छदाम द्यायचा नाही. तरीही एडिंबराची सोसायटी फुटून वेगळी झालीच. आता जरा सालं बघा. स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले ते १८२३ मध्ये. सावित्रीच्या खाडीच्या तोंडाशी, जिथून आज वेश्वी-बागमांडल्याची फेरीबोट गाड्या भरून पलीकडे नेते, तिथे ते मराठीचे धडे गिरवत होते, आणि त्यांच्या मायदेशात नेमकं हेच भांडण पेटलेलं होतं. मराठीत प्रॉटेस्टंटांचं बायबल ६६ चंच आलं ते अशा हवेत. दुकानदाराने उघडायच्या आधीच पेटीतला काही माल बाजूला काढलेला होता, आणि आजी समजत होती की आपण एकही पान गाळत नाही.

काका गप्प झाले नाहीत. काका गप्प होत नसतातच.

म्हणाले, "माणसांनी ठरवलं असं म्हणू नकोस. मंडळीने ओळखलं असं म्हण. सोनाराने सोनं ओळखलं म्हणून सोनाराने सोनं केलं का?" मी म्हटलं, "दोन सोनार भांडले तर?" ते हसले, पण लगेच गंभीर झाले. आमची मंडळी जुन्या प्रेस्बिटेरियन वळणाची. सतराव्या शतकातल्या ज्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राचा ते नेहमी दाखला देतात त्याचा पहिला अध्याय देवाबद्दल नाही, शास्त्राबद्दल आहे. त्यात म्हटलंय की शास्त्राचा अधिकार कुणा माणसाच्या किंवा मंडळीच्या साक्षीवर उभा नाही, तो सर्वस्वी देवाकडून आहे, आणि खात्री पटते ती अंतःकरणात पवित्र आत्म्याच्या साक्षीने. उलट बाजूला आरंभीच्या चर्चचा थोर धर्मपंडित संत ऑगस्टिन. कॅथलिक मंडळीच्या अधिकाराने मला प्रवृत्त केलं नसतं तर मी शुभवर्तमानावर विश्वास ठेवला नसता, असं तो सरळ म्हणून गेलाय. मला दोघांचंही पटतं, त्यामुळे वादात माझा काही उपयोग होत नाही.

मग काकांनी जे सांगितलं ते मी आधी ऐकलेलं होतं, पण या संदर्भात नव्हे. त्यांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, महारवाड्यात वाढले. शास्त्र वाचणं दूरच, कानावर पडलं तरी विटाळ मानणारा तो काळ. मिशनच्या रात्रशाळेत कंदिलाच्या उजेडात ते अक्षरं शिकले आणि वस्तीत ओट्यावर बसून मोठ्याने बायबल वाचू लागले. गावातल्या कुणीतरी येऊन दरडावलं, तुला वाचायचा अधिकार कुणी दिला? पणजोबांनी पुस्तकावर हात ठेवून सांगितलं, "ह्यानेच." काका म्हणाले, "आता तू मला सांगतेस की कुठल्यातरी परिषदेने, कुठल्यातरी सोसायटीने ठरवलं म्हणून ते शास्त्र झालं. म्हणजे पुन्हा वर कुणीतरी बसलाच. आमच्या आजोबांनी भटजीही नको म्हटला आणि मिशनरीही. साहेब चुकला तर पुस्तक उघडून साहेबाला दाखवायचे." गाडी कुठल्याशा सिग्नलला थांबलेली होती. मी यावर काही बोलले नाही. 'केवळ शास्त्र' ही घोषणा युरोपात पोपविरुद्ध निघाली हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिचा आमच्या वस्तीतल्या ओट्यावरचा अर्थ पुस्तकात नव्हता.

काकांचं आणखी एक वाक्य मला अडवतं. मी म्हटलं होतं, पण काका, त्या शब्दांनी मला धीर आला, ते देवाचे नाहीत असं कसं म्हणू? त्यावर ते म्हणाले, "ज्याने धीर येतो ते शास्त्र असं धरलंस, तर शास्त्र तुला रागावणार कधी?" खरंच आहे. आज सकाळी उठून फोन उघडला की सूर्योदयाच्या फोटोवर चिकटवलेली गोड वचनं येऊन पडतात. आशीर्वाद, वाढ, विजय. आमोसाचं कुणी पाठवत नाही, गरिबाला जोड्याच्या किमतीला विकणाऱ्यांवर तो संदेष्टा कसा बरसतो ते. अधिकार मानायचा तर न आवडणाऱ्या पानाचाही मानावा लागतो. आजीने वंशावळी गाळल्या नाहीत त्यात हेच असावं.

पण त्याच पुस्तकाने मला काकांपासून दूरही नेलं, आणि तेही मी काकांच्याच शिस्तीत, न गाळता वाचलं म्हणून. प्रत्येक शास्त्रलेख देवप्रेरित आहे असं नव्या करारात, प्रेषित पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. प्रॉटेस्टंट असो, कॅथलिक असो, शास्त्राचा विषय निघाला की पहिल्यांदा हेच वचन पुढे येतं. एक पान उलटा. तिथे पौल लिहितो, येताना माझा झगा आण, त्रोवसात कार्पाकडे राहिलाय तो, आणि पुस्तकं, विशेषतः चर्मपत्रं. हिवाळ्याआधी ये. कैदेतल्या म्हाताऱ्याला थंडी वाजतेय. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर मजाच आहे. पौल तावातावाने म्हणतो, क्रिस्प आणि गायस सोडून मी तुमच्यापैकी कुणाचाही बाप्तिस्मा केला नाही. मग जीभ चावल्यासारखं, हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला. आणखी कुणाचा केला असेल तर आठवत नाही. हे 'आठवत नाही' देवाने लिहवून घेतलं? चुकूनही चूक नसलेल्या ग्रंथात एका माणसाचं विसरणं जसंच्या तसं पडून आहे. रोमकरांच्या पत्रात तर लेखनिक तर्तियस मधेच डोकावून स्वतःचा नमस्कार घालतो. शास्त्र आकाशातून उतरलं असं ख्रिस्ती धर्म कधीच म्हणत नाही, माणसांच्या हातून आलं असंच म्हणतो. तरी व्यासपीठावरून बोलताना तो हात झाकायची आपली धडपड असते.

आणि नव्या करारातलं यहूदाचं (हा मक्काबी नव्हे) ते एका अध्यायाचं पत्र. ते उत्पत्तीतल्या हनोखाच्या नावाने एक भविष्यवाणी देतं, आणि ती ज्या ग्रंथात आहे तो कॅथलिकांच्या ७३ मध्येही नाही. इथिओपियाच्या मंडळीच्या शास्त्रात आहे. त्यांची मोजणी ८१ ची. म्हणजे काकांच्या ६६ मध्येच कुंपणाबाहेरचं एक पान शिरलेलं आहे.

आमच्याकडे अलीकडे नव्या मंडळ्या आल्यात, पत्र्याच्या शेडमध्ये कीबोर्ड आणि ड्रम लावून उपासना करणाऱ्या. त्यांच्यातला एक तरुण पाळक मला उत्साहाने सांगत होता की शास्त्र इतिहासात, विज्ञानात, कशातच चुकत नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये शिकागोला बऱ्याच विद्वानांनी मिळून असं जाहीरनाम्यात मांडलं, पण त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलंय की हे काटेकोरपणे मूळ हस्तलिखितांना लागू आहे. मूळ हस्तलिखित तर एकही उरलेलं नाही, आहेत त्या नकला. सर्वांत जुन्या चांगल्या नकलांत व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट योहानात सापडत नाही, मार्काच्या शेवटच्या ओळीही नाहीत. आणि ती गोष्ट कुणी बायबलातून काढा म्हणालं तर मीच आधी रस्त्यावर येईन. पाळकाला हे सांगितलं नाही. त्याने चहा फार छान केला होता.

कॅथलिकांकडे हा पेच सुटलाय असं वाटत असेल तर माझ्या आतेभावाला विचारावं. मी त्याला फोनवर विचारलं, वाचन तू निवडलंस का? म्हणाला, फादरांनी कागद दिला, त्यात चारपाच पर्याय होते, मुलीला जे सोपं वाटलं ते घेतलं. कुठल्या ग्रंथातलं? "बायबलातलंच ना." त्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये लिहिलंय की शास्त्र आणि परंपरा मिळून एकच ठेवा आहे, आणि चर्चचा शिकवण्याचा अधिकार वचनाच्या वर बसलेला नाही, त्याची सेवा करतो. सत्य म्हणजे कुठलं, तर देवाला आपल्या तारणासाठी तिथे जे लिहून हवं होतं ते, असंही. मला ही मांडणी मोकळी वाटते, श्वास घ्यायला जागा देणारी. पण तिचा एक दुष्परिणाम मी वसईत पाहते. वर कुणीतरी वाचतंय, म्हणून खाली कुणी वाचत नाही. आमच्यात प्रत्येक जण वाचतो आणि प्रत्येक जण वेगळी मंडळी काढतो.

आत्याचं ते मसाल्याच्या वासाचं माहेरचं बायबल भावाने मला दिलं, आणि सासरचंही. म्हणाला, तूच वाचणार. त्या दुसऱ्यात मी सध्या ते सात ग्रंथ वाचतेय. ज्ञानाच्या ग्रंथाबद्दल अभ्यासक म्हणतात की तो शलमोनाचा नव्हेच, इसवी सनाच्या आगेमागे बहुधा अलेक्झांड्रियातल्या कुणा यहुद्याने ग्रीकमध्ये लिहिलेला. तो तिसरा अध्याय पुन्हा वाचला. हे सगळं माहीत असूनही घसा दाटलाच. गेल्या आठवड्यात मक्काबींचा दुसरा ग्रंथ संपला. लढाया, हत्ती, छळ, आणि शेवटी लेखक अचानक वाचकांकडे वळतो. हे सगळं नीट, नेटकं उतरलं असेल तर मला तेच करायचं होतं. सुमार झालं असेल तर माझ्याच्याने एवढंच झालं. मी लगेच काकांना फोन लावला आणि वाचून दाखवलं.

काका मोठ्याने हसले. "बघ! देवाने लिहवलेलं असतं तर असं म्हणाला असता का कुणी?"

"पौल म्हणाला की आठवत नाही म्हणून."

"पौलाचं वेगळं."

"कसं वेगळं, काका?"

"आता मला डोळ्यात थेंब घालायचेत. रविवारी उपासनेनंतर फोन कर, सांगतो. आणि करिंथकरांचा तो पहिला अध्याय आधी पूर्ण वाचून ठेव. अर्धवट वाचून वाद घालत जाऊ नकोस."